आता या वयात?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात दारूवर लेख, हे काही वाचकांना रुचणार नाही. पारायण, पादुका, परिक्रमा सोडून हा विषय इथे कशाला, असं वाटेल. पण दत्तभक्तहो, ज्या घरांत हा अंक जातो त्याच घरांतली ही गोष्ट आहे. देवघराच्या भिंतीपलीकडच्या खोलीत ती घडते आहे, आणि आपण मधलं दार लोटून घेतो, एवढंच. म्हणून संपादक मंडळींना आधी विचारलं आणि मग लिहायला बसलो.

तरुण पोरांच्या दारूबद्दल सगळे बोलतात. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या दारूबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोलायची वेळ आलीच तर एकच वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. घरची माणसं म्हणतात, ‘आता या वयात त्यांना काय सोडायला लावायची? राहिलेत किती दिवस!’ आणि पिणारा म्हणतो, ‘आता या वयात काय सोडायची? सगळ्यांचं केलं, पोरं मार्गाला लागली. दोन घोट घेतले तर कुणाचं काय बिघडलं?’ घरच्यांच्या तोंडी ते वाक्य दयेचं वाटतं, त्याच्या तोंडी हक्काचं. मला या लेखात त्या एका वाक्याचाच विचार करायचा आहे. ते खरं आहे का?

मी चौतीस वर्षं आमच्या गावात औषधाचं दुकान चालवलं. आता मुलगा बघतो. औषधवाल्याला काही गोष्टी डॉक्टरांपेक्षा जास्त कळतात. डॉक्टरांसमोर माणूस पाच मिनिटं बसतो, आणि बसतो तेही जरा आवरून-सावरून. आमच्याकडे तो महिन्यात चारदा येतो, काउंटरवर कोपर टेकतो, आणि पावती होईपर्यंत मनातलं बोलतो. कुणाच्या गोळ्या अर्ध्याच का उरतात, झोपेची गोळी कुणी मुलाच्या नावावर मागतो, द्राक्षासवाची बाटली कुणाच्या घरी आठवड्यात संपते, हे सगळं आम्हाला दिसतं. (आसव-अरिष्टांत आंबण्याने आपोआप तयार झालेला थोडा अल्कोहोल असतो. ते वैद्याने सांगितलेल्या चमच्यानेच घ्यायचं असतं.) त्या काउंटरवर जे पाहिलं ते इथे मांडतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

आधी हक्काचा प्रश्न घेऊ, कारण तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चाळीस वर्षं नोकरी केली, बहिणींची लग्नं केली, घर बांधलं, कर्ज फेडलं, आईबापांचं शेवटपर्यंत केलं. आता सगळ्यांनी मिळून त्याला बारक्या पोरासारखं दटावायचं, हे मलाही आवडत नाही. म्हातारपणी माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. गाडी चालवू नका, गोड खाऊ नका, एकटे जाऊ नका, यात लक्ष घालू नका. संध्याकाळचा तो ग्लास ही त्याला स्वतःच्या मर्जीची उरलेली शेवटची गोष्ट वाटते. तोही काढून घ्यायला निघालात तर तो चिडणारच. त्यामुळे ‘दारू वाईट, शास्त्रात पाप म्हटलंय’ एवढं सांगून हा विषय मिटत नाही. पाप आहे हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तर तो देवघराचं दार लोटून घेतो.

पण ‘दोन घोट’ म्हणजे किती, हे बघू. आपल्याकडची व्हिस्की, रम साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. धडधाकट माणसाच्या यकृतालाही एक छोटा पेग निस्तरायला तासभर लागतो. रात्री नऊला क्वार्टर संपवलेला माणूस पहाटे तीनला लघवीला उठतो, तेव्हा ती दारू अजून रक्तात असते. अंधार, ओली फरशी, डोळ्यांवर झोप. खुब्याचं हाड मोडतं ते अशाच वेळी, आणि घरात सांगितलं जातं, ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’

शिवाय वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, मांस उतरतं. दारू पाण्यात मिसळते. हंड्यात पाणीच कमी असलं की तेवढाच रंग जास्त गडद दिसतो, तसं होतं. चाळिशीत जे दोन पेग पचत होते, तेच दोन पेग सत्तरीत तीन-चारांसारखे लागतात. माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मी वाढवलेली नाही.’ त्याचं म्हणणं खरं असतं. त्याने वाढवलेली नसते, देहाने आपली मर्यादा खाली आणलेली असते.

आणि गोळ्या! सत्तरीच्या घरात गोळ्यांचा डबा नाही असं घर दाखवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना प्यायलेला माणूस पडला, तर डोक्याला वरून साधं टेंगूळ दिसतं, पण आत रक्त झिरपत राहतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी माणूस विसराळू, गोंधळलेला दिसू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ झोपेच्या गोळीवर दारू गेली तर श्वास मंदावतो. रोज पिणाऱ्याने अंगदुखीवर पॅरासिटामॉल मनाने वाढवली तर ती यकृतावर येते. झोप लागते म्हणून पितो म्हणावं, तर दारूने पहिली झोप लवकर येते खरी, पण उत्तररात्री मोडते. मग दोन वाजता उठून तो छताकडे बघत पडतो.

सगळ्यांत फसवं प्रकरण साखरेचं आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतलेला माणूस जेवण टाळून प्यायला, तर रात्री साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटतो, जीभ जड होते, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. बघणाऱ्याला वाटतं, जास्त झाली, झोपू द्या. आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात सुनेने रात्री साडेदहाला सासऱ्यांना असंच पाहिलं. नवरा म्हणाला, ‘चढलीये, उद्या बघू.’ तिने ऐकलं नाही. यंत्र काढून बोटाला सुई टोचली, साखर ४८ निघाली. म्हातारा अजून शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. माणूस वाचला. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.) ज्या घरात मधुमेह आणि दारू दोन्ही आहेत, त्या घरातल्या बायामाणसांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘चढली’ म्हणण्याआधी साखर बघा.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली दारू प्यायला परवाना लागतो, आणि त्या परवान्याचं कायद्यातलं कारण आहे ‘आरोग्य राखण्यासाठी’! काही ज्येष्ठ मंडळी हा कागद मोठ्या गमतीने दाखवतात. खोकल्याला चमचाभर ब्रँडी, थंडीत थोडी रम, हृदयाला थोडी चांगली असते, ही सगळी त्याच कागदाची भावंडं. ब्रँडीने अंग तापल्यासारखं वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रत्यक्षात शरीराची ऊब बाहेर जाते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कोणतंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

इथे एक हुशार उत्तर येतं. ‘मी श्रावण कडक पाळतो. गुरुचरित्राच्या सप्ताहात थेंबाला शिवत नाही. मग मी व्यसनी कसा?’ हे उत्तर देणारी माणसं खोटं बोलत नाहीत. सात दिवस सोवळ्यात एकभुक्त राहणं सोपं नाही, आणि त्यांची श्रद्धाही खरी असते. पण एक विचारावंसं वाटतं. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी मन कुठे असतं? अवतरणिकेकडे, की आठव्या दिवसाच्या संध्याकाळकडे? श्रावण संपायची वाट बघणं आणि आषाढ अमावास्येला ‘आता महिनाभर नाही’ म्हणून दुप्पट पिणं, याला व्रत म्हणायचं की उधारी? न पिता किती दिवस काढले हे मोजून फार काही कळत नाही. दिवसाची आखणी कशाभोवती होते, हे पाहिलं की कळतं. लग्नाचं आमंत्रण आलं तर ‘रात्री परत येता येईल ना?’ हा प्रश्न कशासाठी पडतो? नातवाने संध्याकाळी बागेत चला म्हटलं तर राग का येतो? ज्याचं त्याने मनाशी उत्तर द्यावं. ते कुणाला सांगायची गरज नाही.

दुसरं उत्तर दत्तभक्तांतच ऐकू येतं आणि ते ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात. ‘अहो, पुराणात दत्तप्रभूंनीसुद्धा मद्य घेतल्याची कथा आहे!’ आहे, मार्कंडेय पुराणात आहे. ती लपवायचं कारण नाही, नीट वाचायचं कारण आहे. मुनिकुमारांचा घोळका दत्तात्रेयांना सोडत नव्हता. त्यांना असंग राहायचं होतं. ते सरोवरात बुडी मारून दीर्घकाळ राहिले, तरी मुलं काठावर बसून. मग ते स्त्रीला बरोबर घेऊन वर आले, आणि पुढे मद्यपानही आरंभलं. हेतू एकच, की या लोकांनी आपला नाद सोडावा. पुराणकार लगेच सांगतात की त्या योगेश्वराला त्याचा दोष लागला नाही.

या कथेत मद्य कशासाठी आलं आहे, ते बघा. सुखासाठी नाही, दुःख विसरायला नाही. माणसं दूर जावीत म्हणून आलं आहे! मद्य माणसं तोडतं, हे पुराणकाराला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने ही युक्ती योजली. ज्याला कुणाचीच गरज उरली नव्हती, त्याने माणसं दूर सारायला मद्य हाती घेतल्याचं सोंग केलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याचं नेमकं उलटं आहे. त्याला माणसं हवी असतात. ती येत नाहीत म्हणून तो ग्लास भरतो, आणि ग्लास भरला म्हणून उरलेलीही उठून जातात. नात संध्याकाळी आजोबांच्या खोलीत जाईनाशी होते. बायको आत टीव्हीचा आवाज वाढवते. जुना मित्र ‘सकाळीच येतो’ म्हणू लागतो. भगवंताची लीला ती भगवंताची. आपल्याला त्या कथेतून घ्यायचा आहे तो धडा एवढाच, की हे पेय माणसाला एकटं पाडतं.

आता मुळाशी येतो. मी काउंटरवरून जेवढं पाहिलं त्यावरून सांगतो. म्हातारपणीची दारू बहुतेक वेळा दोन वाटांनी येते. एक, तरुणपणापासून चालत आलेली. दुसरी, उशिरा लागलेली. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेल्यावर लागलेली. आमच्याकडे एक मास्तर होते. गणिताचे नावाजलेले शिक्षक. सहासष्टाव्या वर्षापर्यंत सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. बायको गेली, आणि तेराव्यानंतर पाहुणे पांगल्यावर सुरू झाली. मला म्हणाले, ‘दिवस जातो रे. सकाळी पूजा, पेपर, बँक, भाजी. पण साडेसहाला दिवा लावला की घर अंगावर येतं.’ मास्तरांना दारू आवडत नव्हती. त्यांना साडेसहा ते दहा हे तीन-साडेतीन तास नको होते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पिंगला आहे. विदेह नगरीतली ती गणिका संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो येईल. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र उलटते, कुणीही येत नाही. कीर्तनात आपण ही कथा कितीदा ऐकली, आणि ‘त्या बाईची गोष्ट’ म्हणून सोडून दिली. मला मात्र वय वाढल्यावर ती म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वाटू लागली आहे. फोन येईल, मुलगा येईल, कुणी विचारील म्हणून आपणही संध्याकाळभर दाराशीच असतो. कुणी येत नाही. पिंगलेची निराशा झाली तशी आपलीही होते. फरक पुढे आहे. निराशेतून दोन वाटा फुटतात. एक बाटलीकडे जाते. दुसऱ्या वाटेने पिंगला गेली. ज्याची वाट बघायची तो तर आतच, इतका जवळ बसला आहे, हे तिला त्या रात्री उमगलं आणि ती सुखाने झोपी गेली. गोळीशिवाय, बाटलीशिवाय.

आणि त्याच संवादात ‘देह कुणाचा’ याचंही उत्तर आहे. चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतो. हा देह अखेर माझा नाही, तो दुसऱ्यांच्याच स्वाधीन व्हायचा आहे, हे जाणून तो त्याच्याकडून विवेक शिकतो. आणि म्हणतो की अनेक जन्मांनंतर मिळालेला हा नरदेह पडण्याआधी माणसाने आपलं कल्याण साधण्याची त्वरा करावी. पडण्याआधी! तिथे साठ, सत्तर असा आकडा दिलेला नाही. ‘माझा देह, माझी मर्जी’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे, की प्रपंचाचं कर्ज फिटलं हे मान्य, पण देह ही अजून परत न केलेली ठेव आहे. आणि व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही पडलात, की तुमचा खुबा एकट्या तुमचा राहत नाही. त्याची रात्रपाळी तुमची सत्तरीची पत्नी करते, जिने आयुष्यभर तुमच्या ग्लासातले पेग न बोलता मोजले आहेत.

आता घरच्यांच्या तोंडचं तेच वाक्य. ‘जाऊ द्या, राहिलेत किती दिवस!’ यात दया आहे असं आपल्याला वाटतं. नीट ऐकलं तर त्यात माणूस सोडून दिलेला आहे. साठ वर्षांच्या माणसाला मोतीबिंदू झाला तर आपण ‘आता काय बघायचं राहिलंय’ म्हणत नाही, शस्त्रक्रिया करतो. गुडघे बदलतो, दात बसवतो. मग या एकाच दुखण्याला ‘आता या वयात’ का? कारण मोतीबिंदूची लाज वाटत नाही. ही लाज आपण मोठेपणाच्या मानाखाली झाकतो. ‘अण्णांना कोण सांगणार?’ मुलगा बोलत नाही, सुनेने बोलायचं नसतं, डॉक्टर पांढऱ्या केसांकडे बघून विचारत नाहीत, आणि अण्णा आपणहून सांगत नाहीत. सगळ्यांनी मान राखला, आणि माणूस गेला.

२०१९ साली एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयाच्या सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांवर लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात आलं. यात आपल्या वयाचीही माणसं आहेतच. आणि एक चांगली बातमी आहे, जी आपल्याला कुणी सांगत नाही. उपचाराला आलेली म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी बरी होतात असं नाही. उलट ती सांगितलेलं पाळतात, नेमाने येतात आणि पुष्कळदा तरुणांपेक्षा नीट टिकतात. नेमाची सवय त्यांना जन्मभराची असते. म्हणजे ‘आता या वयात’ हे वाक्य वैद्यकाच्या कसोटीवरही खोटं ठरतं.

पण एक धोक्याची सूचना. ही मी देवस्थानाच्या अंकात मुद्दाम देतो आहे, कारण ती इथेच द्यायला हवी. आपल्याकडे पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालतात. वाडीला, औदुंबराला, गाणगापूरला नेतात, पादुकांवर हात ठेवायला लावतात, आणि त्या दिवसापासून एकदम बंद. थोडी, अधूनमधून पिणाऱ्याला हे चालतं. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर त्याचं शरीर बिथरतं. पहिल्याच दिवशी हात कापतात, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी झटका, म्हणजे फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, तो ओरडतो, ओळख विसरतो, चार जणांना आवरत नाही. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी लागलं. शपथ घेतली आणि बाधा उठली.’ आणि त्याला परत देवळाकडे, अंगाऱ्याकडे नेतात.

वाचकहो, ही बाधा नव्हे. हा दारू तुटल्याचा भ्रम आहे आणि यात माणूस दगावू शकतो, म्हातारा तर लवकर. अशा माणसाला त्याच तासाला रुग्णालयात न्यायचं. तिथे औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि त्याने माणूस चार-आठ दिवसांत सावरतो. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगा आपल्या वडिलांना जीपमध्ये घालून निघाला होता, तिसऱ्या रात्री, ‘धाकट्या भावाने करणी केली’ म्हणत. मी त्याला एवढंच विचारलं, ‘शपथ कधी घातली?’ म्हणाला, ‘सोमवारी.’ तो गुरुवार होता. जीप जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. ते वडील आज आहेत, आणि पौर्णिमेला पालखीपुढे टाळ घेऊन असतात. शपथ खोटी नव्हती. तिच्या जोडीला डॉक्टर हवा होता. महाराजांनी वैद्याला नाही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांगायचं, त्यांच्या देखरेखीखाली बंद करायची, आणि मग टिकून राहायला शपथ, माळ, नामस्मरण, सत्संग.

मदत फार लांब नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. मन फार खचलं असेल तर १४४१६, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून चालतात. तिथे पैसे घेत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. त्यांच्या वाटेची सुरुवातच ‘हे माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही’ हे मान्य करून, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकण्याने होते. दत्तभक्ताला हे नवीन वाटायचं कारण नाही. शरणागती म्हणतात ती हीच.

घरच्यांनी बोलावं कसं? प्यायलेल्या वेळी बोलू नये, ते वाया जातं. सकाळी, पूजा-चहा झाल्यावर, एकट्यानेच बसून बोलावं. चार जणांनी घेरू नये. ‘तुम्ही पिता’ असं सुरू करण्यापेक्षा ‘अण्णा, परवा रात्री तुम्ही पडलात तेव्हा मी घाबरलो’ असं बोलावं. पुढच्या वेळी दवाखान्यात बरोबर जावं आणि गोळ्यांच्या यादीत दारूही लिहावी, किती ते लिहावं. प्यायलेल्या अवस्थेत कुठल्याही कागदावर सही-अंगठा होऊ देऊ नये. आणि देवळातल्या मंडळींनी एक करावं: अशा माणसाला महाप्रसादाच्या पंगतीत वाढायला उभं राहू द्यावं. त्याच्याकडे बघून कुजबुजू नये. ज्याच्या पायाशी कुत्रीसुद्धा निर्धास्त बसतात, त्याच्या दारात आपण कुणाला आडवणारे कोण?

शेवटी एक साधी गोष्ट. दत्तजन्म संध्याकाळी होतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, सूर्य मावळताना, आपण पाळण्याची दोरी हाती घेतो. मास्तरांना नको असणारी आणि पिंगलेला दारात उभी करणारी वेळ तीच. महाराजांनी अवतरायला नेमकी तीच निवडली. यंदाच्या उत्सवात आपल्या घरातल्या, आळीतल्या अशा एका आजोबांना हाताला धरून आणा आणि दोरी त्यांच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा सरलेली असेल, पण साडेसहा वाजायचे थांबणार नाहीत. तेव्हाही त्यांच्या दारात जा. आरतीला बोलवा, पोथी वाचून घ्या, नातवाचं गणित घेऊन बसवा. माणूस दाराशी आलेला असला की बाटली उघडायला वेळ लागतो. रोज थोडा थोडा उशीर होत गेला, तर एखाद्या दिवशी ती उघडायची राहूनही जाते. या वयातसुद्धा.

॥ श्रीगुरुदत्तार्पणमस्तु ॥